फळीवरची उतरंड

लेकीचे क्लासेस संपले, म्हणून शेजारची नाझनीन लातूर सोडून नांदेडला परत चालली होती. तिथल्या घरमालकाला मांजर नको होतं. त्यामुळं तिची सात वर्षांची बेगम आता आरतीकडे राहणार होती.

"ताई, फळ्या तेवढ्या मोकळ्या करा," नाझनीननं बजावलं. "लई चढती ती. सगळं पाडती."

आरतीनं खिडकीला जाळी बसवली, मोरीजवळ वाळूचं घमेलं ठेवलं. मग फळीवरची उतरंड काढली. पालथा तांब्या, त्यावर वाटी, वाटीवर पेला. त्र्याण्णवच्या भूकंपानंतर आई ती रोज रचायची. जमीन जराशी हलली तरी भांडी पडावीत आणि घर जागं व्हावं, म्हणून. आई गेली, तरी आरतीनं ती कधी मोडली नव्हती. आज तिन्ही भांडी तिनं कपाटात ठेवली आणि कुलूप लावलं.

दुपारी बेगम आली. सगळं घर हुंगून झाल्यावर ती रिकाम्या फळीखाली येऊन बसली.

वर टण झालं. तांब्या टेकल्यासारखं. मग वाटीचा आवाज आला, मग पेल्याचा. प्रत्येक आवाजाला बेगमची नजर थोडी वर सरकत होती.

आरती फळीजवळ आली. "आई, मांजरीसाठी काढली गं. आता न्हाई येत भूकंप. भिऊ नको."

फळी गप्प झाली. आरतीनं बेगमला उचलायला हात पुढं केला, तशी ती दाराकडं पळाली आणि दार ओरबाडू लागली.

आणि रिकाम्या फळीवरून उतरंड खणखणत खाली आली.