रघोजीचा आदेशभंग

मेजर वेंकटरावांना शौर्यपदक मिळालं. पण ते मिळालंच नाही असं धरून चालू. त्या सकाळी स्वतः मेजर तसंच धरून चालले होते.

तंजावरच्या राजवाड्यामागच्या गल्लीनं सत्कार ठेवला होता. व्यासपीठामागचा फलक एका नव्या शीतपेयाच्या कंपनीनं दिलेला. त्यावर बाटली पुरुषभर आणि मेजर वीतभर. मानाची चौथी जरीची शाल, पोन्नाडै, अंगावर पडली तेव्हा घामाघूम मेजरांना लढाईतल्या डोंगरावरचं बर्फ आठवलं, आणि तिथल्या गोळ्या जमेस धरूनही ते बरं वाटलं.

मग दिल्लीहून आलेलं मानपत्र निघालं. मंडळी मराठी, तेव्हा हिंदी चालेल, असं दिल्लीला वाटलं होतं. अक्षरं नागरी, तेव्हा मराठीच असणार, असं गल्लीला वाटलं होतं. घरोघर मराठी बोलणाऱ्या त्या गल्लीला वाचता यायचं ते फक्त तमिळ. सत्कार समितीच्या बाळकृष्णरावांनी वरची रेघ कुठे आहे ते शोधून कागद सुलटा केला आणि पुढे केला.

"वेंकट, तूंच वाच रे. फौजेंत शिकलास ना?"

"माझं कौतुक मीच वाचूं?"

"मग कलेक्टर येऊन वाचेल काय? वाच!"

मेजरांनी कागदावर नजर टाकली आणि त्यांचं डोकं फिरलं. मेजर वेंकटराव म्हणे अदम्य साहसानं, रणगर्जना करीत, सर्वांच्या पुढे शिखरावर धावून गेले. सर्वांच्या पुढे! त्यांच्यापुढे दहा पावलं हवालदार रघोजी होता. माघारीचा हुकूम सुटला होता, आणि त्या गाढवानं तो ऐकला नव्हता. पट्ट्याला धरून त्याला परत आणायला मेजर गोळ्यांतून धावले, तंजावरी मराठीत त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत. ती रणगर्जना. मागच्या जवानांना वाटलं, साहेब चढाई करतायत, तेही धावले. ठाणं हाती आलं. रघोजी आला नाही. आणि अख्ख्या पानात त्याचं नाव नव्हतं.

दुसऱ्या रांगेत रघोजीची आई राजम बसली होती. मुलाचं नाव ऐकायला ती पहाटेच्या बसनं ओरत्तनाडूहून आली होती.

मेजर खाकरले. "हवालदार रघोजी," त्यांनी वाचलं, "सगळ्यांच्या पुढें धावला." मग न थांबता पानभर वाचलं. जिथे जिथे मेजर होते तिथे तिथे रघोजी आला. टाळ्यांनी माइकही घाबरून शिट्टी मारू लागला.

मेजरांच्या आई हिराबाई ताडकन उठल्या. "अय्यो, येवढा कागद त्या पोराचाच? तूं कोठें होतास रे?"

"मागें होतों."

"मागें काय करत होतास?"

"ओरडत होतों, आई."

"मग घरीं येऊन वेगळें काय करतोस?" हिराबाई कपाळाला हात लावून खाली बसल्या. चार शालींचा हिशेब त्यांना लागेना.

राजम हळूहळू व्यासपीठावर आली. "साहेब, हा कागद मला द्याल? भिंतीला लावतें."

मेजरांनी दिला. तिनं पदराचं टोक त्यावरून फिरवलं. "ह्यांत त्याचें नांव कोणतें?"

मेजरांनी स्वतःच्या नावावर बोट ठेवलं.

दुपारी पान वाढलेलं असताना ते उठले आणि लिहायला बसले. हिराबाई बाहेरून हाका मारत राहिल्या. आत कागदावर पेन करकरत राहिलं.

"विषय: आदेशभंग. हवालदार रघोजी यांना मागे फिरण्याचा स्पष्ट आदेश तीन वेळा देऊनही त्यांनी तो अद्याप पाळलेला नाही. तरी त्यांनी पंधरा दिवसांच्या आत खाली सही करणाराच्या समोर समक्ष हजर राहून लेखी खुलासा सादर करावा, ही विनंती."