मुठीचं माप

पांचाळमामांनी वर्कशॉपच्या भिंतीवरून शारदा शिर्केचा पुठ्ठा काढला. गिऱ्हाइकाचा पंजा पुठ्ठ्यावर पेन्सिलीनं आखून घ्यायचा आणि त्या मापानं पान्ह्याची मूठ घडवायची, ही त्यांची तीस वर्षांची पद्धत.

शारदा कारखान्यातली यंत्रं दुरुस्त करायची. नव्या यंत्रांच्या आत हात फिरवायलाही जागा नसे. तिचा पान्हा मामांनी तीनदा आखूड करून दिला होता.

“आता आणखी किती कापू?”

“कापू नका, मामा. नवीन माप घ्या.”

तिनं ओढणीखालून उजवा हात काढून जुन्या आकृतीवर ठेवला.

मनगट तिचंच होतं. पुढचा पंजा मात्र तान्ह्या बाळाच्या पंजाएवढा होता. आकृतीच्या आत सगळीकडे कोरा पुठ्ठा दिसत होता. अंगठ्यावरचा वेल्डिंगचा डाग मामांच्या ओळखीचा होता, तो आता तिळाएवढा झाला होता. इवली बोटं हलली तसे मामा मागे सरकले.

“हे काय करून घेतलंस?”

“कंपनीच्या दवाखान्यात सहा इंजेक्शनं दिली. दुखत नाही.”

“कुणाच्या डोक्यातून निघालं हे?”

शारदाला नवल वाटलं. “तुमच्याच की. गेल्या खेपेला वैतागून म्हणालात, पान्हा याहून लहान होणार नाही, आता हातच लहान करून आणा. मी साहेबांना सांगितलं. त्यांना पटलं.”

मामांनी दाराकडे पाहिलं. बाहेर तिच्या पाळीतल्या बायका रांगेत उभ्या होत्या. प्रत्येकीचा उजवा हात ओढणीखाली होता.