बुडाचा शिक्का

सासरेबुवांनी सकाळी खुंटीवरचा स्पंज हातात घेतला, तर तो चिंब ओला. काल संध्याकाळी त्यांनी स्वतः तो घट्ट पिळून टांगला होता.

ते फळीवरच्या बरण्यांकडे वळले. कालच झिलईच्या लेपात बुडवून भट्टीसाठी वाळत ठेवलेल्या. कुणीतरी त्या उचलून पुन्हा मांडल्या होत्या, कारण त्यांच्या हातची ओळ इतकी सरळ कधीच नसे. एक उलटी केली, बोट फिरवलं. बुडावरच्या शिक्क्याच्या रेघा काडीने टोकरल्यासारख्या लागल्या.

मनात पाल चुकचुकली. बरणीच्या बुडाशी कुणाचं काय काम? तिथे असतो तो फक्त शिक्का, त्यांचा, गिऱ्हाईक आधी बरणी उलटी करून बघतं तो. आणि सुनेने परवाच स्वतःचा शिक्का कोरून घेतला होता. झिलईच्या आधी एकदाच भाजलेली माती मऊ असते, घासली तर शिक्का जातो. पुढचं सांगायला ज्योतिषी कशाला लागतो?

बायकोला सांगितलं, तर ती म्हणाली, "आधी डोळे दाखवून या."

"डोळे ठणठणीत आहेत, म्हणून तर हे दिसतंय," ते म्हणाले.

सुनेला त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, स्पंज ओला कसा. "मीच हात धुतले असतील," असं तिने सांगितलं आणि खाली बघितलं. चोराच्या मनात चांदणं, असं म्हणत सासरेबुवा दिवसभर फुरफुरत राहिले. पोरीला चाकावर बसायला आपण शिकवलं, आणि तिने आपल्यालाच पुसायला घ्यावं, हे त्यांना फार लागलं.

दुपारी दोघी घरात असताना त्यांनी एक वाडगा झिलईत बुडवला. उलटा करून स्पंजने बूड पुसलं. तिथे झिलई राहिली तर भट्टीत वितळून भांडं लादीला कायमचं चिकटतं. सुनेला पहिला धडा त्यांनी हाच दिला होता. मग वाडगा भट्टीतल्या खालच्या लादीवर, अगदी मागच्या कोपऱ्यात ठेवला आणि पुढे उंच बरण्या लावून टाकल्या. एका भांड्याला तरी तिचा हात लागणार नव्हता. भट्टी उघडली की वाडगा आणि बरण्या शेजारी शेजारी उलट्या मांडायच्या, दुधाचं दूध, पाण्याचं पाणी.

भट्टी निवली तसं त्यांनी दोघींना हाक मारली. बायको पदर खोचून आली, सून तिच्या मागे उभी राहिली.

पहिली बरणी अलगद निघाली. सासरेबुवांनी ती उलटी केली. शिक्का शाबूत होता, रेघन् रेघ स्वच्छ. दुसरीचाही तसाच. तिसरीला त्यांनी चष्मा पुसला. सगळ्या बरण्या खाली मांडून झाल्या आणि प्रत्येकीच्या बुडावर त्यांचंच नाव होतं. त्यांना हायसं वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही. आता संशय ठेवायचा कुठे, हेच कळेना.

"मागे एक वाडगा आहे," ते म्हणाले आणि हात आत घातला.

वाडगा येईना. त्यांनी जोर लावला, तशी लादीच कुरकुरली. वाकून बघितलं, तर बुडाभोवती झिलई गोठून काचेसारखी चकाकत होती.

बायको बरण्यांकडे बघत राहिली.

"हा माझ्याकडून पुसायचा राहिला, बाबा," सून हळूच म्हणाली.

सासरेबुवांनी वाडगा सोडला नाही. दोन्ही हातांनी धरून ते तसेच वाकून उभे राहिले. त्याच्याही बुडाशी त्यांचाच शिक्का होता. तो आता कुणालाच बघता येणार नव्हता.