दोन डबे लेंड्या

डॉक्टर मेश्रामांच्या टेबलावर जमनीने जेवणाचे दोन डबे ठेवले आणि झाकणं उघडली. एकात बकरीच्या लेंड्या, दुसऱ्यातही लेंड्या. आजच्या सकाळच्या, ओल्या. एका डब्याच्या कडीला लाल चिंधी बांधलेली होती, दुसऱ्याच्या काळी.

डॉक्टर खुर्चीसकट मागे सरकले. जनावरांचा दवाखाना झाला तरी टेबल ते टेबल, आणि त्यावर पॅकेजच्या गायींचे कागद पसरलेले. कापूस बुडाला म्हणून सरकारने गायी वाटल्या होत्या. गायी तपासण्यापेक्षा त्यांचे दाखले लिहिण्यातच डॉक्टरांचा दिवस जात होता.

"जंताचं औषध दिलं होतं ना, बाई?"

"दोन डाव देल्लं. तरी दोन मेल्या," जमनी म्हणाली. "बाकीच्यायच्या जबड्याखाली पान्याची पिशवी लोंबून राह्यली. पापनी उलटली तं आतून पांढरी, कापसावानी. तुमी औषध देल्लं डाक्टरसाहेब, पन पायलं काहीच नाई."

खरं बोलणं तोंडावर आलं की माणूस समोरचे कागद नीट करू लागतो. डॉक्टरांनी कागद नीट केले.

बाहेर ओट्यावर तिचा नवरा फुलसिंग बसला होता, खांद्यावर नव्या दोऱ्यांचं भेंडोळं घेऊन. उद्या पांढरकवड्याचा बाजार. सकाळीच व्यापाऱ्याचा टेम्पो तांड्यावर येणार आणि चौदाच्या चौदा बकऱ्या घेऊन जाणार, असं त्याने ठरवून टाकलं होतं. मरायच्या आधी विकलेल्या बऱ्या, हे त्याचं म्हणणं. कापसाने तीन वर्षं दगा दिला तेव्हा घर या बकऱ्यांनीच धरून ठेवलं, हे जमनीचं. भांडून भांडून शेवटी एवढंच ठरलं: डॉक्टरने आज रोग सांगितला तर ठेवायच्या, नाही तर टेम्पो. एसटीत ती डबे मांडीवर घेऊन बसली होती. "डबा कुणाचा?" असं कंडक्टरने विचारलं तेव्हा फुलसिंग खिडकीबाहेर पाहू लागला होता.

"आजारी बकऱ्यांचा डबा कोणता?" डॉक्टरांनी विचारलं.

"थे मी नाई सांगत. तुमी सांगा."

डॉक्टर तिच्याकडे बघतच राहिले. नोकरीला लागल्यापासून त्यांची अशी परीक्षा कुणी घेतली नव्हती. रागवावं की हसावं ते त्यांना ठरवता येईना. शेवटी ते उठले आणि कपाटावरचा मायक्रोस्कोप खाली काढला. त्याच्यावरचं धुळीने भरलेलं फडकं जमनीनेच उचललं आणि बाहेर नेऊन झटकलं.

आधी काळ्या चिंधीचा डबा घेतला. डॉक्टरांनी लेंड्या पाण्यात कुस्करल्या, चहाच्या गाळणीने गाळल्या, पाणी निवळू दिलं, वरचं ओतून टाकलं, पुन्हा पाणी घातलं. असं तीनदा. तळाच्या गाळाचा एक थेंब काचेवर घेतला आणि त्यात निळा रंग सोडला. त्यांनी स्टूल दाखवलं तरी जमनी उभीच होती.

"यात काही नाही," मायक्रोस्कोपवरून डोळा न हलवता ते म्हणाले.

जमनीने चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही. लाल डब्यातही काही निघालं नाही, तर उद्या टेम्पो.

लाल डब्याचा गाळ निवळायला फार वेळ लागला, निदान तिला तसं वाटलं. डॉक्टरांनी काच लावली, सरकवली, थांबले, पुन्हा मागे आणली.

"या बकऱ्या पाणी कुठं पितात?"

"तळ्यावर," जमनीने श्वास सोडला. "नऊ आहेत तिथं जानाऱ्या. काळ्या डब्यातल्या पाच पिलंवाल्या, घरापाशी बांधलेल्या. त्या बोरिंगचं पानी पेतात. त्यायले काहीच नाई झालं."

"तळ्याच्या काठाला बारीक गोगलगायी असतात. त्यांच्यातून हा जंत गवताला लागतो आणि बकरीच्या कलेजीत जाऊन बसतो. पानासारखा चपटा." डॉक्टर थांबले. "मी दिलं ते गोल जंताचं औषध होतं. याच्यावर ते चालत नाही. चुकलं माझं, बाई. तेव्हाच पाहायला पाहिजे होतं."

सरकारी खुर्चीवरून असं वाक्य जमनीने जन्मात पहिल्यांदा ऐकलं. तिला बरं वाटलं, पण बरं वाटून घेत बसायला वेळ नव्हता.

"मंग आता?"

"औषध आहे. एकेकीच्या वजनावर देऊ. पण तळं बंद. पुन्हा तिथं गेल्या तर पुन्हा होणार."

आधी तिने स्वतः वाकून मायक्रोस्कोपात पाहिलं. निळ्या पाण्यात पिवळे दाणे होते, गव्हाच्या दाण्यासारखे. डॉक्टर म्हणाले, ती जंताची अंडी. एवढ्याशा दाण्यांनी दोन बकऱ्या खाल्ल्या, तिच्या मनात आलं, आणि तिला त्यांचा भयंकर राग आला. मग ती दाराशी गेली.

"निकिताचे बाबा, आत या."

फुलसिंग आला, वाकला. "मले तं अंधारच दिसते."

"डोया मिटला तुमी. उघडा."

त्याने उघडला. मग त्याने स्वतःहून काळ्या डब्याची काच लावायला सांगितली आणि तीही पाहिली.

बाहेर आल्यावर त्याने खांद्यावरच्या दोऱ्या काढून पिशवीच्या तळाशी कोंबल्या. एसटीला अवकाश होता. जमनी औषधाची बाटली पदरात गुंडाळत, त्याच्याकडे न बघता, तो काय बोलतो याची वाट पाहत होती.

"बोरिंगचा दांडा लय ढिल्ला झाला," फुलसिंग म्हणाला. "चौदा बकऱ्यायचं पानी हापसाचं म्हनजे आधी त्याचा नट आवळावा लागन. फाट्यावर उतरलो की सायकलवाल्याजवळून पाना मांगून घेऊ."