दुधाच्या सुट्टीचा अर्ज

मोताळ्याच्या जिनिंगमध्ये १९६४ साली नवा कायदा पोचला : बाळाला पाजायला आईला दिवसातून दोनदा सुट्टी. जनकाबाईचा अर्ज कारकून नारायणरावांनी परत केला.

"सुट्टी ज्याच्यासाठी, अर्ज त्याचा. लेकराचा अंगठा पाह्यजे."

"घ्या ना," म्हणत तिनं झोळीतला पाच महिन्यांचा लेक त्यांच्या मांडीवर ठेवला आणि ती कापूस निवडायला बसली. अंगठा धरताच लेकानं भोकाड पसरलं, मग धोतर भिजवलं.

"जनकाबाई, पाज याले लवकर!"

"मंजुरीबिगर कशी उठू, बाबूसाहेब?"

कायद्याप्रमाणे बाळ पंधरा महिन्यांचं होईपर्यंतच्या सगळ्या सुट्ट्या नारायणरावांनी एका सहीत मंजूर केल्या आणि वर 'तातडीचे' असा शिक्का मारला.