उतरवायची परवानगी

ऋतुराज सलूनमधून परत आला आणि उंबऱ्यातच थांबला. समोर त्याचे वडील, आण्णा, चहा पीत बसले होते. त्यांच्या हातातली कपबशी वाजली.

"मिशी कुठं हाय रं?"

दाढी नव्हती, मिशीही नव्हती. उन्हानं रापलेल्या कपाळाखाली पांढरीफटक हनुवटी, दुसऱ्याच कुणाची आणून लावल्यासारखी.

"मी जित्ता हाय अजून," आण्णा म्हणाले. पार जिन्यापर्यंत ऐकू गेलं असणार. "बाप मेल्यावर मिशी काढत्यात. उद्या मुरगूडचं पावणं येणार, राजवीरचा साखरपुडा, आणि त्याचा थोरला भाऊ असलं तोंड घिऊन बसणार?"

दाढी काढायला तुम्हीच सांगितलं, ऋतुराज म्हणाला. सांगितलं होतंच. सकाळी चहाच्या वेळीच आण्णांनी हुकूम सोडला होता, की घरात दाढीवाला दिसला तर पावणं विचारणार, सुतक कुणाचं? त्यानं समजावून बघितलं, नौदलात दाढी राखायला अर्ज करावा लागतो आणि उतरवायचीही परवानगी लागते. या घरात परवानगी माझी, आण्णा म्हणाले. मग त्यानं जहाजावर फोन लावला. साहेबांनी होकार दिला, वर जहाजावरचा रिवाजही सांगितला. दाढी-मिशी मिळून एकच. ठेवायची तर दोन्ही, काढायची तर दोन्ही.

"मग मला सांगायचं की."

"तुम्ही मिशीचं कुठं विचारलं?"

स्वयंपाकघराच्या दारात ऋतुराजची बायको संयोगिता अंबिकेला कडेवर घेऊन उभी होती. दीड वर्षाच्या त्या पोरीनं बाप बघितला होता तो फोनमध्ये, दाढीसकट. सुट्टीवर तो खरोखरचा घरात आला, तेव्हा फोनमधला माणूस एवढा मोठा कसा झाला म्हणून की काय, ती दोन-तीन दिवस आईच्या ओढणीतून बाहेरच आली नाही. काल दुपारी मात्र आपणहून त्याच्या मांडीवर चढली, दाढीत मूठ खुपसली आणि तशीच झोपली. पायाला मुंग्या आल्या तरी तो हलला नाही. पंखा फार जोरात होता, पण बटणाचा आवाज होईल म्हणून संयोगितानं तो कमीसुद्धा केला नाही.

आता त्यानं हात पुढं केले. "ये पिल्ला."

आवाज ओळखीचा होता. अंबिका गेली. तिचा हात सवयीनं हनुवटीकडे गेला. मग गालावर, ओठावर, पुन्हा हनुवटीवर. तिनं मान मागं घेऊन त्याचं तोंड बघितलं आणि किंचाळली. दोन्ही हातांनी त्याला ढकलायला लागली.

तो नुसता मीच हाय, मीच हाय म्हणत राहिला.

"पोरांचं काय," आण्णा म्हणाले. "चार दिसांत इसरत्यात."

"चार दिवसांनी हे जहाजावर असतील, आण्णा."

आत सासूबाईंचं लाटणं थांबलं.

"पावण्यांना काय वाटेल ते तुम्ही बघितलं," संयोगिता म्हणाली. "हिला काय वाटेल ते कुणी बघितलं? केसच हायत, येतील म्हणाल. येतील की. तेव्हा हे समुद्रात असतील आणि ही परत फोनच्या काचेला पापा देत बसेल."

आण्णांनी तिच्याकडं बघितलं नाही. "दे हिकडं, तुला संभाळाय येत न्हाय," म्हणत त्यांनी ऋतुराजच्या हातातून नात ओढून घेतली आणि छातीशी धरली.

हुंदके देता देता अंबिकेचा हात पुन्हा चाचपडायला लागला. बंडीची गुंडी, गळा, गाल. मग आण्णांची भरघोस मिशी लागली. तिनं मूठ आवळली, डोकं त्यांच्या खांद्यावर टाकलं आणि रडायची थांबली.

आण्णांची मान एका बाजूला खेचली गेली. डोळ्यांत पाणी आलं. त्यांना धड बोलताही येईना.

"हात सोडव गं तिचा," ते दातांतून पुटपुटले.

ऋतुराज पुढं झाला. संयोगितानं त्याचा दंड धरला.

"राहू द्या, आण्णा," ती म्हणाली. "तिला वाटतंय, बाप सापडला."