रडणं थांबवायचा दिवस

खांग काका हसले नाहीत, हे थोआच्या लक्षात आलं ते माकडाच्या गोष्टीला.

ती गोष्ट गावात सगळ्यांना पाठ होती. थोआचे बाबा, लुआन, युद्धात दक्षिणेच्या जंगलात ओढ्यावर आंघोळ करत होते. माकडानं विजार पळवली. बाबा कमरेला केळीचं पान धरून कमांडरसमोर उभे राहिले. उजव्या हातानं सलाम, डाव्या हातात पान.

"आणि नेमकी तेव्हाच मांडीला जळू चिकटली," शेजारचे मास्तर म्हणाले. चटईवरची सगळी मंडळी हसत लोळली.

बाबांना जाऊन आज शंभर दिवस झाले होते. शंभराव्या दिवशी रडणं थांबवायचं, असा रिवाज. या घरात अडचण एवढीच होती की कोणी रडायला तयार नव्हतं. उदबत्त्यांच्या धुरामागून फोटोतले बाबाही आता काहीतरी बोलतील असं वाटत होतं.

कोपऱ्यात आई, म्हणजे दिऊबाई, क्वीला चमच्यानं पेज भरवत होती. थोआचा हा थोरला भाऊ एकेचाळीस वर्षांचा होता. मान धरत नव्हता, बोलत नव्हता.

"शत्रूची विमानं झाडं वाळवायला पांढरं धुकं सोडायची," मास्तर पुढे म्हणाले. "लुआन म्हणायचा, आम्हांला वाटलं देव पावडर लावतोय."

यावर कोणी हसलं नाही. सगळ्यांनी क्वीकडे पाहिलं आणि मग उकडलेल्या कोंबडीकडे.

क्वी असा का, हे गावाला बाबांनीच सांगितलं होतं. तेव्हा आजी आईचं गाठोडं बांधून दारात बसली होती. सुनेच्या रक्तात खोट आहे, तिनं माहेरी जावं, असं तिचं म्हणणं. बाबा म्हणाले, खोट माझ्या रक्तात आहे, जंगलात त्या विमानांचं विष प्यालोय मी. आजीनं गाठोडं सोडलं.

पाच वर्षांनी थोआ झाली, धडधाकट. "विष पहिल्याच खेपेला संपलं," बाबा म्हणाले. गावाला तेवढी खात्री नव्हती. थोआचं लग्न दोनदा ठरलं आणि दोनदा मोडलं. दुसऱ्या वेळी तर मुलाकडची माणसं आणलेलं सुपारीचं तबक उचलून घेऊन गेली. "बरं झालं," बाबा म्हणाले. "त्या पोराचे कान पाहिलेस? जोराचा वारा सुटला असता तर नवरा शोधायला तुला पुढच्या जिल्ह्यात जावं लागलं असतं." थोआ हसली होती. बाबांवर ती कधी चिडली नाही. युद्धावर काय चिडायचं?

आता ती छत्तीसची होती. नाम दिन्ह शहरातला एक विधुर शिंपी वर्षभर तिच्यासाठी थांबला होता. भावाची सोय लाव आणि ये, एवढंच त्याचं म्हणणं. सोय म्हणजे युद्धातल्या विषबाधितांसाठीचा जिल्ह्याचा आश्रम. तिथे बाप त्या जंगलात लढल्याचा दाखला लागे. बाबांचे लष्करातले कागद वादळात वाहून गेले होते, असं ते सांगत. मग त्यांच्याबरोबरच्या एखाद्या सैनिकानं लिहून द्यायचं. हयात एकटे खांग काका होते. चाळीस वर्षांत बाबांनी त्यांना एकदाही घरी बोलावलं नव्हतं. पत्ता थोआला ट्रंकेत सापडला.

जेवणं उरकल्यावर तिनं काकांना परसात नेलं आणि रांजणाच्या झाकणावर कागद ठेवला.

"इथे सही करा, काका. तारीख मी घालते."

काकांनी कागद दोनदा वाचला.

"तुझ्या बापाला हिवताप कितीदा झाला?"

"बाबांना? कधीच नाही. म्हणायचे, डासांना माझे विनोद झेपत नाहीत."

"त्या जंगलातून आलेला आणि हिवताप न झालेला दुसरा माणूस दाखव मला." त्यांनी चष्मा काढला. "पोरी, आम्ही दोघं हायफाँगला लष्कराच्या तांदळाच्या कोठारात होतो. सहा वर्षं. माकड त्यानं पाहिलं असेल तर सर्कशीत."

थोआनं रांजणाची कड धरली.

"मग विष?"

"तुझी आजी तुझ्या आईला हाकलत होती ना, त्या दिवशी सायकल हाणत आला माझ्याकडे. मला तिकडून परतलेले जखमी भेटायचे, त्यामुळे जंगलाचं थोडं ठाऊक होतं. झाडं कशी वाळतात, जळवा कुठे लागतात, सगळं वहीत उतरवून घेतलं गड्यानं."

"आणि पुढे मुलगी होईल, तिलाही लग्न करावंसं वाटेल, हे नाही उतरवून घेतलं?"

 काकांनी पेन उचललं.

"करतो सही. खोटी तर खोटी. त्याच्यासाठी एवढं करीन. पण तुझ्या आईला कळू देऊ नकोस. तिच्यासाठीच तर जन्मभर विषारी म्हणून मिरवला तो."

"भावोजी, सही नको."

दिऊबाई मागे उभी होती. हातात क्वीची उष्टी वाटी.

"आई, तू आत जा."

"कोठाराचं मला पहिल्याच वर्षी कळलं," ती म्हणाली. "जंगलात राहिलेल्या माणसाला तांदळाच्या एवढ्या जाती नुसत्या वासावरून सांगता येत नाहीत."

"माहीत होतं? ते लोक तबक उचलून नेत होते तेव्हाही?"

"तेव्हाही."

ती वाटी विसळायला बसली. काकांनी पेन खिशात घातलं.

"आता तो गेला," दिऊबाई म्हणाली. "त्याच्या रक्ताला विषाचा सरकारी शिक्का कशाला?"

"म्हणजे खोट तुझ्या रक्तात होती," थोआ म्हणाली. "बस, एवढंच? मला तरी सांगायचंस, आई. मी काय तुला घराबाहेर काढलं असतं?"

दिऊबाईनं वाटी दगडावर पालथी घातली.

"माझ्या रक्तातही काही नव्हतं. क्वी चांगला जन्मला होता. नवव्या दिवशी, घरात कोणी नसताना, माझ्या हातून विहिरीच्या काठाशी डोक्यावर पडला."